नॉबपासून दूर गेलेला हात : मिडी आणि प्रीॲम्पच्या दूरनियंत्रणाचा इतिहास

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात मायक्रोफोन, ध्वनिफीत आणि लाउडस्पीकर यांच्यावर विपुल लेखन झाले आहे. त्यांच्यामधल्या दुव्याची, म्हणजे प्रीॲम्पची, दखल त्या मानाने फारच कमी घेतली गेली. प्रीॲम्प अथवा पूर्वप्रवर्धक म्हणजे मायक्रोफोनमधून किंवा गिटारच्या पिकअपमधून येणारा क्षीण विद्युतसंकेत पुढच्या यंत्रांना वापरता येईल इतका मोठा करून देणारे मंडल होय. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनसमोर कोणी बोलले, तर त्यातून एक-दोन मिलिव्होल्टचा विद्युतदाब मिळतो, आणि स्टुडिओतील यंत्रे ज्या पातळीवर चालतात ती ‘लाइन लेव्हल’ सुमारे सव्वा व्होल्टची असते. हे अंतर तोडायचे, तर संकेत जवळजवळ हजारपट, म्हणजे ध्वनितंत्रातील मापाने ६० डेसिबल, वाढवावा लागतो. या वाढीला ‘गेन’ म्हणतात. गेन कमी पडला तर आवाजाबरोबर मंडलांची खरखरही वर येते, जास्त झाला तर आवाज फाटतो, आणि या पहिल्याच पायरीवर बिघडलेला संकेत पुढे कोणत्याही यंत्राला पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे प्रीॲम्पचा नॉब तंत्रज्ञाच्या हाताशी असावा, हा ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातील अनेक दशकांचा रिवाज होता.

हा रिवाज १९८० च्या दशकापासून मोडत गेला, आणि तो मोडण्याचे बरेचसे श्रेय मिडी या संकेतव्यवहाराकडे जाते. मिडी मुळात सिंथेसायझरांना एकमेकांशी जोडण्यासाठी निर्माण झाला होता आणि प्रीॲम्पचा विचार त्याच्या कर्त्यांच्या मनात नव्हता; तरीही आधी गिटारवादकांच्या आणि नंतर स्टुडिओंच्या प्रीॲम्पचे नियंत्रण त्याच्याकडे गेले. असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर मिडीच्या मितभाषीपणात सापडते. तो आवाज वाहून नेत नाही, फक्त आकडे वाहून नेतो, आणि त्या आकड्यांचा अर्थ काय लावायचा हे बव्हंशी यंत्र बनवणाऱ्यावर सोडतो. या मोकळीकीमुळे तो कोणत्याही यंत्रात सामावू शकला. परंतु त्याच मोकळीकीमुळे साठवलेल्या मांडण्यांचे भवितव्य एकेका उत्पादकाच्या कागदपत्रांवर अवलंबून राहिले.

मिडीच्या आधीही स्टुडिओंना स्मरणाची गरज भासत होती. चोवीस पदरी ध्वनिफितींच्या काळात एकेका मिक्सिंग कन्सोलवर शेकडो नॉब आणि खटके असत; एका गाण्याचे काम अर्धवट ठेवून दुसरे हाती घ्यायचे, तर सगळ्या नॉबांच्या जागा टिपून ठेवाव्या लागत. त्यासाठी कन्सोलच्या दर्शनी भागाचा नकाशा छापलेली ‘रिकॉल शीट’ वापरली जाई आणि साहाय्यक तंत्रज्ञ प्रत्येक नॉबची दिशा तीवर पेन्सिलीने आखून ठेवत असे. ब्रिटनच्या नीव्ह कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘नेकॅम’ ही संगणकीय यंत्रणा आणली. तिने पातळी ठरवणाऱ्या फेडरांच्या हालचाली लक्षात ठेवून ते मोटरच्या साहाय्याने पुन्हा हलवून दाखवले. १९८० च्या दशकाच्या आरंभी सॉलिड स्टेट लॉजिक या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची ‘टोटल रिकॉल’ पद्धती आली. तिच्यात नॉबांच्या जागा संगणकाकडे साठवल्या जात. मात्र त्या परत आणताना संगणक फक्त पडद्यावर जुनी जागा दाखवी आणि नॉब फिरवण्याचे काम माणसालाच करावे लागे. स्मरण यंत्राकडे गेले होते, कृती अजून हाताकडेच होती.

दुसरी गरज अंतराची होती. मायक्रोफोनचा क्षीण संकेत लांब केबलीतून नेला, तर वाटेत त्यात विद्युत खरखर मिसळते आणि केबलीच्या गुणधर्मांमुळे उच्च स्वरांची धारही बोथट होऊ शकते. म्हणून प्रीॲम्प मायक्रोफोनच्या जितका जवळ, तितका चांगला. परंतु मायक्रोफोन वादकांजवळ असतो आणि तंत्रज्ञ काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षात. संगीतनिर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर कंपनीने कॅरिबियन समुद्रातील मॉन्टसेराट बेटावर १९७९ मध्ये जो स्टुडिओ सुरू केला, त्याच्या नीव्ह कन्सोलसाठी प्रीॲम्प वादनकक्षात ठेवून त्यांचा गेन कन्सोलवरून बदलण्याची सोय करण्यात आली होती. ह्यूगो या चक्रीवादळाने १९८९ मध्ये त्या स्टुडिओचा अंत घडवला, पण त्याच्या प्रीॲम्पची कीर्ती टिकून राहिली. ही सोय त्या एका कन्सोलसाठी खास घडवलेली होती. दूरनियंत्रणाची कल्पना सिद्ध झाली होती. उणीव होती ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना समजेल अशा सामाईक भाषेची.

ती भाषा वाद्यांच्या बाजूने आली. कॅलिफोर्नियातील सिक्वेन्शियल सर्किट्स या छोट्या कंपनीचे संस्थापक डेव्ह स्मिथ यांनी १९७८ मध्ये ‘प्रॉफेट-५’ हा सिंथेसायझर बाजारात आणला. त्यात मायक्रोप्रोसेसर बसवून वाद्यावरच्या सर्व नॉबांच्या जागा आकड्यांच्या रूपात साठवण्याची व्यवस्था केली होती. आरंभीच्या वाद्यांत अशा ४० मांडण्या राहत आणि एक बटण दाबताच संपूर्ण वाद्य नव्या मांडणीत जाई. अशा साठवलेल्या मांडणीला ‘प्रीसेट’ म्हणतात. यातला क्रांतिकारक भाग असा, की आवाज निर्माण करणारी मंडले जुन्या ॲनालॉग पद्धतीचीच राहिली आणि केवळ त्यांचे नियंत्रण अंकीय झाले. पुढे प्रीॲम्पच्या बाबतीत जे घडले त्याचा पाया या विभागणीने घातला.

प्रीसेट साठवता येऊ लागले, तरी एका कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकत नव्हते. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी १९८१ च्या मध्यावर सामाईक मानकाचा विषय अमेरिकी उत्पादकांपुढे काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वुड यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात ‘युनिव्हर्सल सिंथेसायझर इंटरफेस’ नावाचा आराखडा मांडला. यामाहा, कॉर्ग आणि कावाई या जपानी कंपन्याही चर्चेत सामील झाल्या, आराखड्याला नवे रूप मिळाले आणि जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील वाद्यव्यापाऱ्यांच्या ‘नॅम’ मेळाव्यात सिक्वेन्शियलचा ‘प्रॉफेट-६००’ आणि रोलँडचा ‘ज्युपिटर-६’ एकमेकांना जोडून दाखवण्यात आले. मिडीचे पहिले अधिकृत विवरण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. ते वापरण्यासाठी कोणालाही स्वामित्वशुल्क द्यावे लागत नव्हते, आणि या औदार्याचा त्याच्या प्रसारात मोठा वाटा आहे. स्मिथ आणि काकेहाशी यांना या कार्यासाठी २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

मिडीची विद्युत रचना प्रीॲम्पला किती सोयीची ठरली, हे समजण्यासाठी तिच्याकडे बारकाईने पाहावे लागते. मिडीची जोडणी पाच पिनांच्या डिन कनेक्टरने होते आणि मूळ मानकात त्यांतील फक्त तीन पिना वापरल्या जातात. माहिती सेकंदाला ३१,२५० बिट या गतीने, एकामागून एक बिट अशी जाते. संदेश घेणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी ‘ऑप्टो-आयसोलेटर’ हा भाग असतो. त्यात येणारा विद्युतप्रवाह एका सूक्ष्म प्रकाशदिव्याला पेटवतो आणि पलीकडचा प्रकाशसंवेदक त्याची उघडझाप वाचतो, त्यामुळे दोन यंत्रांमध्ये प्रत्यक्ष विद्युतसंबंध राहत नाही. ध्वनियंत्रे एकमेकांना जोडताना त्यांच्या जमिनीशी असलेल्या जोडण्यांचे वर्तुळ पूर्ण झाले, तर ‘ग्राउंड लूप’ तयार होऊन आवाजात वीजपुरवठ्याची घुमणारी गुणगुण शिरते. हजारपट प्रवर्धन करणाऱ्या यंत्राला या गुणगुणीचा धोका सर्वांत जास्त असतो. मिडीच्या कर्त्यांनी योजलेल्या या प्रकाशाच्या दुव्याने प्रीॲम्पला त्यापासून संरक्षण दिले. केबलीची कमाल लांबी सुमारे १५ मीटर ठरवलेली होती, आणि ‘थ्रू’ नावाच्या तिसऱ्या खाचेतून तोच संदेश पुढच्या यंत्राकडे जसाच्या तसा पाठवता येत असल्यामुळे एका केबलीच्या साखळीवर अनेक यंत्रे चालत.

या केबलीतून जे जाते ते भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीसारखे असते : त्यात गाणे नसते, गाणे कसे उभे करायचे याच्या खुणा असतात. मिडीचा नेहमीचा संदेश दोन किंवा तीन बाइटांचा असतो. पहिला बाइट संदेशाचा प्रकार आणि सोळा वाहिन्यांपैकी एक वाहिनी सांगतो व त्याचा सर्वांत डावीकडचा बिट नेहमी १ असतो. त्यानंतरच्या माहितीच्या बाइटांत तो बिट ० असल्यामुळे उरलेल्या सात बिटांत ० ते १२७ एवढेच आकडे मावतात. पहिल्या वाहिनीवरच्या यंत्राला पाचवा प्रीसेट लावायला सांगायचे असेल, तर १९२ आणि ४ हे दोन आकडे पाठवले जातात. १९२ म्हणजे द्विमान पद्धतीत ११००००००, म्हणजेच ‘पहिल्या वाहिनीने मांडणी बदलावी’. आणि मोजणी शून्यापासून असल्यामुळे ४ म्हणजे पाचवी मांडणी. या संदेशाला ‘प्रोग्रॅम चेंज’ म्हणतात. एखादा एकच घटक हळूहळू बदलायचा असेल, तर ‘कंट्रोल चेंज’ हा तीन बाइटांचा संदेश असतो. त्यात दुसरा बाइट कोणता घटक हे सांगतो आणि तिसरा त्याचे मूल्य. आरंभ आणि अंताचे बिट धरून एक बाइट दहा बिटांचा होतो, म्हणजे तो पोहोचायला ३२० मायक्रोसेकंद लागतात. पाचव्या प्रीसेटचा वरचा आदेश एका मिलिसेकंदाच्या आतच यंत्राकडे पोहोचतो.

प्रीॲम्पच्या क्षेत्रात या संदेशाचा पहिला व्यापक उपयोग गिटारवादकांनी केला, आणि त्याला सबळ कारण होते. गायकासाठी लावलेला प्रीॲम्प संपूर्ण गाणेभर एकाच जागी राहिला तरी चालतो. पण विद्युत गिटारचा प्रीॲम्प हा वाद्याच्या आवाजाचाच भाग असतो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे निर्वात नळ्यांच्या, प्रीॲम्पमध्ये गेन मुद्दाम वाढवून संकेत फाडला जातो, त्यातून येणाऱ्या ‘डिस्टॉर्शन’वर रॉक संगीतातील गिटारचे रूप उभे आहे, आणि एकाच गाण्यात कडव्यासाठी स्वच्छ, ध्रुवपदासाठी खरबरीत आणि एकलवादनासाठी त्याहून दाट आवाज लागतो. वादकाचे दोन्ही हात तारांवर असल्यामुळे हे बदल पायानेच करावे लागतात. १९८० च्या दशकात अमेरिकेतील नामवंत स्टुडिओवादक एकोणीस इंच रुंदीच्या रॅकमध्ये अनेक प्रीॲम्प आणि परिणामयंत्रे बसवून वापरू लागले. त्यांच्यातील प्रत्येक यंत्र वेगळ्या खटक्याने चालू-बंद करणे अशक्य होऊ लागले. लॉस एंजेलिस येथील कस्टम ऑडिओ इलेक्ट्रॉनिक्सचे बॉब ब्रॅडशॉ यांनी या वादकांसाठी पायाने चालणारे नियंत्रक आणि संकेत वळवणाऱ्या यंत्रणा घडवल्या. पायाच्या एका दाबाने रॅकमधली सगळी यंत्रे आपापल्या ठरलेल्या मांडणीत जावीत, हे त्यांचे सूत्र होते.

या पार्श्वभूमीवर ॲनालॉग/डिजिटल असोसिएट्स, म्हणजे ‘एडीए’, या कॅलिफोर्नियाच्या कंपनीने १९८७ मध्ये ‘एमपी-१’ हा प्रीॲम्प आणला. त्यात संकेताच्या वाटेवर व्हॉल्व्ह होते, पण दर्शनी भागावर गेन, बास, ट्रेबल यांचे नेहमीचे नॉब नव्हते. बटणे आणि आकडे दाखवणारा छोटा फलक होता, आणि आत १२८ मांडण्या साठवण्याची सोय होती. प्रोग्रॅम चेंजच्या एका बाइटात मावणारे आकडे तेवढेच असल्यामुळे प्रत्येक आकड्याला एक मांडणी मिळाली. नुनो बेटनकोर्ट आणि पॉल गिल्बर्ट यांच्यासारख्या वादकांमुळे हे यंत्र गाजले. पुढे मेसा बूगीचा ‘ट्रायॲक्सिस’ १९९१ मध्ये आणि मार्शलचा ‘जेएमपी-१’ १९९२ मध्ये आला. व्हॉल्व्हच्या परंपरेवर ज्यांची प्रतिष्ठा उभी होती अशा कंपन्यांनी प्रीसेटची पद्धत स्वीकारल्याने या प्रकाराला मान्यता मिळाली.

आकडा आला म्हणजे आवाज बदलला, असे सोपे समीकरण मात्र नाही. आकड्याने व्हॉल्व्हच्या मंडलातील रोध प्रत्यक्ष बदलला पाहिजे आणि बदलताना संकेत गढूळ होता कामा नये, हा या यंत्रांच्या रचनाकारांपुढचा खरा प्रश्न होता. त्यासाठी निरनिराळ्या वाटा चोखाळल्या गेल्या. ट्रायॲक्सिसमध्ये बंद आवरणात प्रकाशदिवा आणि प्रकाशसंवेदी रोधक समोरासमोर बसवलेले होते. मायक्रोप्रोसेसर दिव्याचा उजेड कमी-जास्त करी, त्यानुसार रोध बदले आणि नियंत्रणाची वीज व आवाजाची वीज यांची गाठ पडत नसे. सोल्डानो कंपनीच्या ‘एक्स-९९’ने सर्वांत थेट मार्ग घेतला : त्यातले नॉब नेहमीचेच होते, पण प्रत्येकामागे छोटी मोटर होती, आणि पायाखालचा खटका दाबला की दर्शनी भागावरचे सगळे नॉब माणसाचा स्पर्श न होता गरगर फिरून साठवलेल्या जागी येऊन थांबत. टोटल रिकॉलमध्ये माणसाला जे काम करावे लागे, ते इथे यंत्र करत होते आणि संकेताच्या वाटेत एकही नवा भाग आलेला नव्हता. परंतु मोटरींचा खर्च मोठा होता आणि त्यांना फिरायला वेळही लागे, त्यामुळे हा मार्ग अपवादच राहिला. खटके पालटण्यासाठी रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारे छोटे स्विच, सर्वत्र वापरले जात, आणि ते पालटताना येणारा ‘टक’ असा आवाज लपवण्यासाठी निमिषभर आवाज बंद ठेवण्याची युक्ती योजली जाई. त्या निमिषात ताल तुटल्यासारखा वाटू नये, म्हणून वादकाला खटका नेमका कधी दाबायचा याचाही रियाज करावा लागे.

रोजच्या वापरात आणखी एक अडचण येई. मिडीचे आकडे ० पासून १२७ पर्यंत, काही यंत्रांच्या फलकावरचे १ पासून १२८ पर्यंत, तर जेएमपी-१ मध्ये मांडण्या १०० आणि ट्रायॲक्सिसमध्ये ९०. नियंत्रकावर ‘पाच’ दाबल्यावर प्रीॲम्पने ‘सहा’ लावणे असे प्रकार त्यातून घडत. यावर तोडगा म्हणून यंत्रांत ‘मिडी मॅप’ ही तक्त्याची सोय आली : कोणता आकडा आला की कोणती मांडणी लावायची हे वापरणारा स्वतः ठरवून ठेवी. आवाजाची पातळी पायाच्या पेडलने वाढवायची असेल, तर पेडल कंट्रोल चेंजचा क्रमांक ७ किंवा ११ पाठवी. हे दोन क्रमांक अनुक्रमे आवाजाची पातळी आणि भावदर्शी चढउतार यांच्यासाठी मानकात राखलेले आहेत. प्रीॲम्पच्या गेनसाठी असा एकही क्रमांक राखलेला नाही, आणि ही रिकामी जागा पुढच्या सर्व घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

१९९० च्या दशकात गिटारवादकांची आवड पुन्हा साध्या अँप्लिफायरकडे आणि पायाखालच्या सुट्या पेडलांकडे वळल्याने मोठ्या रॅकची चलती ओसरली. मिडीच्या आज्ञेत चालणारा प्रीॲम्प त्यानंतर मुख्यतः स्टुडिओत वाढला. स्टुडिओंनी ही पद्धत इतक्या उशिरा का स्वीकारली, याचे उत्तर आवाजाच्या शुद्धतेच्या अपेक्षेत आहे. गिटारच्या प्रीॲम्पला स्वतःचा रंग असणे हा गुण. मायक्रोफोनच्या उच्च प्रतीच्या प्रीॲम्पने मात्र स्वतःची खरखर जवळजवळ शून्य ठेवावी, अशी अपेक्षा असते. गेन अंकीय आज्ञेने बदलता येईल आणि तरीही संकेत निर्मळ राहील, असे घटक मिळाल्याशिवाय हे शक्य नव्हते. रिलेंनी निवडलेल्या रोधकांच्या शिड्या हा एक उपाय होता. नंतर संपूर्ण प्रीॲम्प एका चिपमध्ये बसवणारे घटक आले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘पीजीए-२५००’ या चिपमध्ये गेन ० डेसिबलवर किंवा १० ते ६५ डेसिबलच्या दरम्यान एकेका डेसिबलच्या पायरीने ठरवता येतो. गेन बदलण्याचा आदेश आला तरी ही चिप संकेताची लाट शून्य रेषा ओलांडेपर्यंत थांबू शकते आणि मगच पायरी बदलते. त्या क्षणी विद्युतदाब शून्याजवळ असल्यामुळे कानाला टिचकी ऐकू येत नाही. माणसाच्या हाताला जे वेळेचे भान कधीही साधले नसते, ते इथे सिलिकॉनच्या तुकड्यात घडवलेले आहे.

गरजही बदलली होती. ध्वनिमुद्रण संगणकावर आल्यापासून मिक्सिंगची सगळी मांडणी संगणकाच्या धारिकेत, म्हणजे ‘सेशन’मध्ये, साठू लागली, एक मायक्रोफोन प्रीॲम्प तेवढा धारिकेबाहेर राहिला. डिजिडिझाइन कंपनीने २००२ मध्ये ‘प्रो टूल्स एचडी’ या यंत्रणेबरोबर ‘प्री’ नावाचा आठ वाहिन्यांचा प्रीॲम्प आणून ही फट बुजवली. ‘प्री’ मिडी केबलीने संगणकाशी जोडला जाई, त्याचा गेन आणि मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा संगणकाच्या पडद्यावरून बदलता येई, आणि ही मूल्ये सेशनबरोबर साठवली जात. रिकॉल शीटवर पेन्सिलीने आखल्या जाणाऱ्या खुणा आता गाण्याच्या धारिकेतच राहू लागल्या.

जर्मनीतील आरएमई कंपनीच्या ‘मिकस्टॅसी’ या प्रीॲम्पने मॉन्टसेराटचा अंतराचा प्रश्नही त्याच मार्गाने सोडवला. ‘मॅडी’ या व्यावसायिक मानकाने एका केबलीतून ६४ वाहिन्यांपर्यंत अंकीय आवाज नेता येतो, तांब्याच्या केबलीवर सुमारे १०० मीटर आणि प्रकाशतंतूवर दोन किलोमीटरपर्यंत. आरएमईने त्याच प्रवाहात मिडीचे संदेश गुंफण्याची सोय केली. त्यामुळे प्रीॲम्प रंगमंचावर मायक्रोफोनपाशी ठेवून, तिथेच आवाजाचे अंकीय रूपांतर करून, नियंत्रण मात्र दूरच्या खोलीतून करणे साधले, आणि मिडीच्या स्वतःच्या केबलीला असलेली १५ मीटरची मर्यादा मागे पडली. या यंत्रातील गेनचा पल्ला ८५ डेसिबलचा असून पायरी अर्ध्या डेसिबलची आहे, म्हणजे १७१ वेगवेगळी मूल्ये होतात. ती सात बिटांच्या एका बाइटात मावत नाहीत. अशा वेळी दोन बाइट जोडून १६,३८४ मूल्यांची मोजपट्टी करता येते, किंवा ‘सिस्टिम एक्सक्लुझिव्ह’ या वेगळ्या प्रकारच्या संदेशाचा आधार घेता येतो. या संदेशाचा आरंभ आणि शेवट ठरलेला असतो, आरंभापाठोपाठ उत्पादकाचा नोंदणीकृत क्रमांक येतो, आणि मधल्या मजकुराची रचना सर्वस्वी उत्पादकाच्या हाती असते.

मिडीची मोकळीक आणि तिची किंमत ही दोन्ही या शेवटच्या वाक्यात आहेत. गेनसाठी राखीव क्रमांक नसल्यामुळे प्रत्येक उत्पादकाने आपापली भाषा रचली. ‘४० हे मूल्य पाठवा’ या आदेशाचा अर्थ एका यंत्रात ४० डेसिबल, दुसऱ्यात चाळिसावी पायरी आणि तिसऱ्यात काहीच नाही, असा होऊ शकतो. शिवाय मूळ मिडीचा संदेश एकाच दिशेने जातो. आदेश पाठवणाऱ्याला तो पोहोचला की नाही हे आपोआप कळत नाही आणि दूरच्या प्रीॲम्पवर कोणी हाताने नॉब फिरवला तर पडद्यावरचा आकडा खोटा ठरतो. उत्तर मिळवायचे तर परतीची दुसरी केबल लागते, आणि यंत्राने उत्तर देण्याची भाषाही रचलेली असावी लागते. जुन्या रॅक प्रीॲम्पमधील मांडण्या बऱ्याचदा लहानशा लिथियम बॅटरीवर टिकणाऱ्या स्मृतीत असत. बॅटरी संपली की वर्षानुवर्षे जमवलेले आवाज एका रात्रीत पुसले जात. या मांडण्या आधीच सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेशांच्या रूपाने संगणकावर उतरवून ठेवण्याची सोय अनेक यंत्रांत होती, आणि ज्यांनी ती वेळीच वापरली त्यांच्या मांडण्या वाचल्या.

प्रीसेट हे आवाजाचे स्मरण असते, असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः ते नियंत्रणाच्या जागांचे स्मरण असते. गेन तोच, तरी मायक्रोफोन चार बोटे सरकला, व्हॉल्व्ह जुने झाले, वादकाने वेगळी गिटार घेतली किंवा खोली बदलली, तर आवाज निराळा येतो. या मर्यादेमुळे तंत्रज्ञाच्या कामाचे महत्त्व घटले नाही, त्याची जागा बदलली. पूर्वी त्याचा बराच वेळ जुनी मांडणी पुन्हा उभी करण्यात जाई. तो वाचल्यावर मायक्रोफोन कुठे ठेवायचा, वादकाला खोलीत कुठे बसवायचे, अशा कोणत्याही आकड्यात न मावणाऱ्या निर्णयांकडे त्याला अधिक लक्ष देता येऊ लागले. दूरनियंत्रणाने कान निरुपयोगी केला नाही. हाताच्या फेऱ्या वाचवून त्याला सवड दिली.

गेल्या काही दशकांत नियंत्रणाचे काम हळूहळू संगणकाच्या जाळ्यांकडे सरकले आहे. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅट राइट आणि एड्रियन फ्रीड यांनी १९९७ मध्ये ‘ओपन साउंड कंट्रोल’ ही पद्धती मांडली. तिच्यात घटकांना आकड्यांऐवजी वाचता येतील अशी नावे देता येतात. ऑस्ट्रेलियाच्या ऑडिनेट कंपनीची ‘दान्ते’ ही पद्धती इथरनेटच्या केबलीवरून शेकडो वाहिन्यांचा आवाज नेते, आणि त्याच केबलीवरून प्रीॲम्पच्या नियंत्रणाचे आदेशही जाऊ शकतात. मिडीनेही २०२० मध्ये आपली दुसरी आवृत्ती जाहीर केली : तिच्यात संवाद दुहेरी आहे, नियंत्रणाची मूल्ये ३२ बिटांची आहेत, आणि ‘तुझ्यात कोणते घटक आहेत’ असे एक यंत्र दुसऱ्याला विचारू शकते. जुन्या मितभाषी भाषेतील प्रत्येक ज्ञात उणिवेला त्यात उत्तर शोधलेले दिसते. तरीही १९८३ चे संदेश आजची यंत्रे ओळखतात, आणि १९८७ चा एमपी-१ आजच्या संगणकाला जोडला तर आलेल्या आकड्याप्रमाणे तो मांडणी बदलतो. चार दशके सुसंगत राहिलेले असे मानक विजकतंत्राच्या इतिहासात विरळाच.

म्हणून या इतिहासातून एक कर्तव्यही निष्पन्न होते. जुनी यंत्रे संग्राहक जपतात, त्यांचे व्हॉल्व्ह आणि बॅटऱ्या बदलून ती चालू ठेवतात. त्यांच्या मिडीच्या तक्त्यांकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. यंत्राच्या पुस्तिकेच्या शेवटी ‘मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट’ हे एक पान असते. कोणता संदेश यंत्र पाठवते आणि कोणता ओळखते हे त्यात गोल आणि फुलीच्या खुणांनी नोंदलेले असते, आणि त्याला जोडून कधी सिस्टिम एक्सक्लुझिव्ह संदेशांची रचना छापलेली असते. मिडीने आकड्यांचा अर्थ उत्पादकांवर सोपवला आणि उत्पादकांनी तो या पानांवर लिहून ठेवला. कंपन्या बंद पडल्यावर, विकल्या गेल्यावर, तो अर्थ दुसरीकडे कुठेही उरत नाही. यंत्र हाती असले आणि मांडण्यांची धारिकाही सुरक्षित असली, तरी या तक्त्यावाचून धारिका म्हणजे अर्थ हरवलेल्या आकड्यांची रांग ठरते. व्हॉल्व्ह आजही नवे मिळतात, मोटर आणि रिले नव्याने बसवता येतात, पण हरवलेला तक्ता कोणत्याही कारखान्यात घडवता येत नाही. संगीतसाधनांच्या संग्रहालयांनी आणि ग्रंथालयांनी यंत्राइतक्याच काळजीने ही पाने जपणे आवश्यक आहे. कारण ज्यांनी नॉबवरचा हात काढून घेऊन आवाज आकड्यांच्या स्वाधीन केला, त्यांच्या कामाचा पुरावा अखेर या पानांतच आहे.